डेब्रिसचा शेवटचा एस

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही गावच्या शाळेत. इंग्रजी म्हणाल तर एबीसीडी आणि स्वतःचं नाव, एवढ्या भांडवलावर मी लग्न करून मुलुंडला आले. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्यासाठी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन अंधेरीला गेली. डिक्शनरी माझ्याकडेच राहिली. तिचा पुठ्ठा मी दोनदा बदललाय.

माझी पद्धत साधी आहे. अडलेला शब्द दिसला की वहीत उतरवायचा, दुपारी भांडी आवरली की अर्थ शोधून पुढे लिहायचा, आणि दोन दिवसांच्या आत कुठेतरी वापरायचाच. न वापरलेला शब्द कोथिंबिरीसारखा असतो, चार दिवसांनी बघावं तर काळा पडलेला. आणि शब्द काय, कुठेही मिळतात. साबणाच्या खोक्यावर, औषधाच्या बाटलीवर, लिफ्टशेजारच्या नोटिशीत. 'पेरिशेबल' म्हणजे नाशवंत, हा मला कुरियरच्या खोक्यावर सापडला. दुसऱ्याच दिवशी मासळीवाल्या मावशींना म्हटलं, "मावशी, हात उचला जरा, बोंबील पेरिशेबल असतात."

"पेरू नाय गो बाय," त्या म्हणाल्या, "बोंबीलच हाय."

असू दे. शब्द पाठ झाला. 'प्रोक्रॅस्टिनेट', म्हणजे आज करू उद्या करू म्हणत काम ढकलणं, हा मी आमच्या ह्यांच्यासाठी राखून ठेवलाय. हे कारखान्यात फिटर होते, सगळ्या दुनियेची यंत्रं दुरुस्त केली, पण आमच्या मोरीचा नळ अजून गळतोय. मी "प्रोक्रॅस्टिनेट करू नका" म्हटलं की हे पेपरातून डोकंसुद्धा वर काढत नाहीत. "मास्तरीणबाई, शाळा सुटली," म्हणतात.

हे सगळं हसण्यावारी. पण ह्याच शब्दांच्या नादात माझ्याकडून एक चूक झाली होती. वीसेक वर्षं झाली असतील, कुणाला सांगितली नव्हती ती.

तेव्हा हे सोसायटीच्या कमिटीवर निवडून आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या मीटिंगला उभे राहिले. गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या, एका बाजूला आम्ही बायका. घराच्या दुरुस्तीचा राडारोडा जिन्यात टाकू नये, अशी नोटीस होती, इंग्रजीतली. ह्यांनी ती घरी चार वेळा वाचून घेतली होती. मीटिंगमध्ये छान वाचत होते, खणखणीत आवाजात, आणि वाचलं, "डेब्रिस."

आता माझं नशीब असं, की तो शब्द, म्हणजे राडारोडा, मी त्याच आठवड्यात वहीत घेतला होता. डिक्शनरीत उच्चार मराठीत दिलेला असतो. डेब्री. मला राहवेना. बायकांच्या रांगेतून मी ओरडले, "अहो, डेब्री! डेब्री म्हणा! शेवटचा एस गिळायचा असतो!"

सगळी गच्ची हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनींनाच घ्या कमिटीवर!" ह्यांनी घसा साफ केला, नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि खाली बसले.

त्या दिवसानंतर ह्यांनी इंग्रजीतलं काही मोठ्याने वाचलं नाही. लग्नाची पत्रिका असो, विजेच्या कंपनीचं पत्र असो, माझ्यापुढे धरायचे. "तूच वाच. तुका येता." मालवणचे आहेत ना, घरात त्यांची तीच भाषा. मला आधी वाटलं, वा, माझ्या ज्ञानाला मान मिळतोय! मग पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण बोलले नाही. गर्दीत परक्या माणसाच्या पायावर पाय पडला तर आपण पटकन सॉरी म्हणतो. नवऱ्याला कोण म्हणतं?

गेल्या वर्षी ह्यांना चक्कर यायला लागली. उठले की भिंत धरायचे. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला सांगितला. घाटकोपरला जाऊन काढला, शनिवारी दुपारी रिपोर्ट हातात आला, आणि डॉक्टर भेटणार सोमवारी. मी मुलीला फोन करणार होते, पण म्हटलं, तिला आधीच कशाला घाबरवा? आपण आहोत की. वही घेतली, डिक्शनरी घेतली, चष्मा पुसला.

"काय लिवलेला आसा?" हे विचारत होते, सहज विचारल्यासारखं. पण पेपर उलटा धरला होता.

पहिलाच शब्द, 'अनरिमार्केबल'. मेंदूचा हा भाग अनरिमार्केबल, तो भाग अनरिमार्केबल. मी शोधला. "लक्षात घेण्यासारखं विशेष काही नाही, असं लिहिलंय."

"मेंदूत?"

"हो."

"ह्या तर तू लग्नापासून सांगतंस. त्येका मशीन कशाक होई?"

हसलो दोघं. मग मी पुढच्या ओळीवर आले आणि माझं हसू गेलं. 'ओल्ड' होतं. मग एक लांबलचक शब्द, माझ्या डिक्शनरीत नसलेला. आणि त्याच्यापुढे 'इन्सल्ट'. डाव्या बाजूला, म्हणे.

इन्सल्ट शोधायची मला गरजच नव्हती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरचा तो शब्द. इन्सल्ट म्हणजे अपमान. ह्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला जुना अपमान आहे.

तुम्ही हसाल. मलाही कळत होतं की मशीनला अपमान दिसत नसतो. पण मग वाटलं, टेन्शनने बीपी वाढतं, टेन्शनने साखर वाढते, हे डॉक्टरच सांगतात ना? मग मनाला लागलेली गोष्ट डोक्यात कुठे खूण करून बसत नसेल कशावरून? आणि दुसऱ्या कुणी ह्यांचा अपमान केल्याचं मला आठवेना. कारखान्यात मान होता, शेजारीपाजारी मान होता. जुना अपमान एकच होता, आणि तो मी केलेला. ह्यांना त्यातून काही झालं तर? मी रिपोर्ट पाकिटात घातला आणि म्हटलं, "बाकी डॉक्टर सांगतील."

रविवारी मी बोंबील साफ करत होते. हे दारात खुर्ची टाकून बसलेले. माझ्याने आणखी एक दिवस निघेना. सुरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. "अहो, रिपोर्टात लिहिलंय, तुमच्या मेंदूत जुना अपमान आहे."

"माझो अपमान? कोणी केल्यान?"

"मी केला. डेब्रिसचा."

मला वाटलं होतं, हे म्हणतील, कसलं डेब्रिस? विसरले असतील. पण विचारलंच नाही त्यांनी. समोरच्या घराच्या दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "लोक हसले त्याचा माका काय वाटूक नाय. तू पण हसलंस गो."

खरं सांगते, मी हसले होते हे मला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं मी मनात खटला चालवला तो चुकीच्या गुन्ह्याचा. मला वाटायचं, चारचौघांत चूक काढली हा माझा अपराध. ह्यांना चूक काढल्याचं दुःख नव्हतंच. सगळी गच्ची हसत असताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मीसुद्धा हसत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हात बोंबलांचे होते, डोळे पुसता येईनात.

"जावंदे आता," हे म्हणाले. "रडा नको, खारट होतील ते."

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. मी काही बोलायच्या आतच ह्यांनी विचारलं, "डॉक्टर, तो अपमान कितपत जुना आहे?"

डॉक्टरांना काही कळेना. मी वहीचं पान उघडून दाखवलं, तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. मग नीट समजावलं. डॉक्टरी भाषेत इन्सल्ट म्हणजे घाव, इजा. मेंदूत एका बारीक जागी कधीतरी रक्त कमी पोचलं होतं, ह्यांना पत्ताही लागला नसेल. बीपीची गोळी चुकवायची नाही, मीठ कमी, रोज चालायचं. घाबरण्यासारखं काही नाही.

"आणि तो घाव?" मी विचारलं.

"जुना आहे आजी. भरलेला आहे."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? भरलेला आसा."

हजारभर शब्द शोधले असतील मी आजवर. जो शोधायला हवा होता तोच येतो म्हणून सोडून दिला. घरी आल्यावर वहीचं पहिलं पान काढून 'अपमान'च्या पुढे 'घाव' लिहिलं. तसं बघितलं तर आधीचा अर्थही कुठे फारसा चुकला होता?

त्यानंतर हे हळूहळू वाचायला लागले. आधी गोळ्यांच्या पाकिटावरचं, मग बिस्किटाच्या पुड्यावरचं, मोठ्याने. निम्मे उच्चार असे असतात की माझी जीभ वळवळते. पण मी दातांखाली धरून ठेवते तिला.

आणि गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. आता गच्चीवर नाही, खाली पार्किंगमध्ये. तिसऱ्या मजल्यावर घराचं काम चाललंय, त्याची नोटीस होती. सेक्रेटरींचा घसा बसलेला. "कुणी वाचतं का?" म्हणाले. हे उठले. मी खुर्चीची कड घट्ट धरली. ह्यांनी कागद लांब धरला, सुरुवात केली, आणि तो शब्द आलाच.

"डेब्रिस."

पुढच्या रांगेत एक नवीन राहायला आलेली मुलगी होती, चांगली आहे, मनात काही नसतं तिच्या. ती हळूच म्हणाली, "अंकल, डेब्री. एस सायलेंट असतो."

दोघीतिघी हसल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमच्या घरात एस म्हणतात गं बाई," मी बायकांच्या रांगेतून म्हटलं, चांगलं मोठ्याने. "तुम्ही वाचा हो पुढे."

त्या नोटिशीत तो शब्द आणखी तीनदा होता. तिन्ही वेळा ह्यांनी एस असा दाबून म्हटला, की गेटवरच्या वॉचमनने मान वळवून बघितलं.