बागेतली हरवलेली शेवंती

त्या शेवंतीच्या तपासाची आठवण निघाली की मला आजही हसू येतं.

साठच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोतवालीत मी नवा सब-इन्स्पेक्टर होतो. जवळच इंग्रजांच्या काळातली सार्वजनिक बाग होती. भोवती वकिलांची, मास्तरांची घरं. संध्याकाळी सगळा मोहल्ला तिथेच फिरायला यायचा.

एका सकाळी बागेचा म्हातारा माळी कोतवालीत आला.

"साहेब, माही शेवंती गेली. कुंडीसकट."

दोन दिवसांवर फुलांचं प्रदर्शन आलं होतं. त्या पिवळ्या फुलासाठी तो वर्षभर राबला होता. रोजनामच्यात नोंद करताना मुन्शी गालात हसला, पण म्हातारा जागचा हलेना. मी लगेच निघालो.

फाटकाशी फुटाणे विकणाऱ्या बाईने खबर दिली. "काल सांजेले बंगल्यावरचा माळी कुंपणाशी वाकून पाहत होता."

हा माळी एका सरकारी बंगल्यावर कामाला होता आणि प्रदर्शनात म्हाताऱ्याचा जुना प्रतिस्पर्धी. संशयाला जागा होती. मी त्याला भर सकाळी मोहल्ल्यातून चालवत कोतवालीत आणलं. त्याची नोकरी कच्ची होती. चोरीचा शिक्का बसला असता तर ती गेलीच असती.

दुपारपर्यंत विचारपूस केली. तो एकच सांगत राहिला, "हौ, गेलतो. रोजच जातो फूल पाहाले."

"चोरलं काहून?" मी दरडावलं.

"मले त्याले हरवाचं होतं, साहेब. त्याचं फूलच नसन तर जिंकून काय करू?"

असं उत्तर चोर देत नाही. मी आवाज उतरवला आणि चहा मागवला. चहा पिता पिता तो म्हणाला, "मी निघालो तवा कुंडी होती. बागेच्या चौकीदाराची बकरी तेवढी जवळ चरून राह्यली होती."

मी परत बागेत गेलो. सकाळी मी फक्त बुटांचे ठसे शोधले होते. आता नीट पाहिलं, तर कुंडीच्या जागेजवळ लेंड्या होत्या आणि शेजारच्या झाडांचे शेंडे कुरतडलेले.

"बकरी कुठे आहे?" मी चौकीदाराला सहज विचारलं.

"कटंगीले धाडली, साहेब. साळ्याकडं."

"कधी?"

"आज सकाळीच."

एवढं बोलून त्याने सगळं कबूल केलं. बकरीने फूल खाल्लं होतं. भीतीपोटी त्याने रिकामी कुंडी पाचोळ्याच्या खड्ड्यात पुरली होती. म्हातारा माळी पुढे आला आणि त्याला म्हणाला, "सांगतलं असतं तर दोन शिव्या देल्या असत्या. पोलीस कायले बोलावले असते?" तक्रार त्याने तिथेच मागे घेतली.

संध्याकाळी बाग भरलेली असताना मी बंगल्यावरच्या माळ्याला त्याच रस्त्याने घेऊन आलो आणि सर्वांसमोर सांगितलं, "याचा काही दोष नाही. चूक माझी झाली." लोक हसले, तोही हसला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "पुढच्या वर्षी पाहू."

"हौ, पण बकरी पक्की बांधाले सांग."

प्रदर्शनात पहिला नंबर बंगल्यावरच्या माळ्याचा आला. बक्षीस घ्यायला तो म्हाताऱ्याला सोबत ओढत घेऊन गेला.

माणसं गुन्ह्यापोटी लपवतात त्याहून जास्त भीतीपोटी लपवतात, हे मला तेव्हा कळलं. आणि एक नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला: संशयावरून ज्याला चारचौघांतून आणलं, तो निर्दोष ठरला तर त्याला चारचौघांतूनच घरी पोचवायचं, आणि स्वतः सोबत चालायचं.