झाडेचं पोतं

ऐंशीच्या दशकात माझी पोस्टिंग जबलपूरच्या सप्लाय डेपोत झाली. माझं घर जबलपूरचंच. आजोबा अमरावतीकडून आलेले, वडील इथल्याच संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले. फौजेत स्वतःच्या गावी पोस्टिंग म्हणजे लॉटरीच. आई खूश, बायको खूश. मीही खूश होतो, वर्ध्याचा हवालदार नामदेव झाडे त्याच डेपोत हजर होईपर्यंत.

मी हवालदार बावणे. झाडे आणि मी एकाच बॅचचे, दोघंही पॅकिंग सेक्शनला. नायब सुभेदाराची एक जागा रिकामी होणार होती आणि ती आमच्यापैकी एकाला मिळणार, हे लंगरच्या कुकलासुद्धा माहीत होतं. बाहीवरच्या फिती जातात, खांद्यावर तारा येतो, जवान ‘साब’ म्हणतात. मला तो तारा हवा होता. आणि खरं सांगायचं तर, तो झाडेला मिळू नये असंही वाटत होतं.

सैनिक म्हणजे बंदूक, असं सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं. आमचं हत्यार सुई-दोरा. जिथे ट्रक पोचत नाही तिथे अन्नाची पोती हेलिकॉप्टरमधून पॅराशूटशिवाय तशीच खाली टाकतात. त्याला फ्री ड्रॉप म्हणतात. पोतं फुटलं की खालच्या माणसाला चिखल मिळतो. म्हणून सेक्शनचा एक जुना रिवाज होता. नव्या पद्धतीने बांधलेलं पोतं पाण्याच्या टाकीवरून खाली टाकायचं आणि त्यातून जे निघेल तेच बांधणाऱ्याने दुपारी जेवायचं. पोतं पास झालं, तर ड्रॉपच्या वेळी दारात उभं राहून माल ढकलायचा मानही त्याचाच. ज्याने बांधलं, त्यानेच टाकायचं.

झाडे सगळ्यांचा लाडका होता. मेजर साहेब त्याला नावाने हाक मारत, मला आडनावाने. माझी आई त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा डब्यात भरून द्यायची. तो डबा न्यायचं काम माझं. एकदा मी कुरकुरलो, तर बायको म्हणाली, “झाडे भाऊजी इथं एकटे राहून राहिले. तुम्हाला काहून मिरच्या झोंबून राहिल्या?” मी डबा उचलला. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

त्या पावसाळ्यात नदी फुगली आणि मझौलीच्या पुढचं एक गाव चारी बाजूंनी पाण्यात सापडलं. माणसं आणि गुरं शाळेमागच्या टेकाडावर चढून बसली होती. सरपण ओलं, धान्य वाहून गेलेलं. मेजर साहेबांनी सेक्शन फॉल-इन केलं.

“बिना पकाए खाने लायक चीज़ चाहिए. सुबह पहली उड़ान. पैकिंग कौन करेगा?”

“मैं, साब,” मी म्हणालो.

“मैं, साब,” झाडेही म्हणाला.

माल एकच होता, भाजलेले चणे आणि गूळ. माझी पद्धत सरळ होती. पॉलिथीनच्या पाकिटात घट्ट भरायचं, वरून दुहेरी गोणपाट. पाण्याचा थेंब आत जाणार नाही. झाडेने बाजारातून पळसाच्या पानांचे गठ्ठे आणि मधाच्या पोळ्याचं मेण आणवलं. पानांच्या दोन थरांत चणे-गूळ बांधून त्याने वरून वितळलेल्या मेणाचा हात फिरवला. ही पाकिटं त्याने कुटारात, म्हणजे भुशात, रचली, पोतं अर्धंच भरलं आणि ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात ढिलं सोडलं.

“हे पोतं आहे का पंगत?” मी विचारलं.

“मागच्या पुरात आपण पॉलिथीन टाकलं होतं, बावण्या. लोकांनी चणे खाल्ले, रिकाम्या थैल्या गुरांनी खाल्ल्या. बैल मेले ना बे. पेरणीच्या टायमाला. आपण पोट भराले गेलो अन् बैल मारून आलो.”

“पानं भिजली तर माणसं मरतील.”

“नाही भिजत. तू काहून फुगून राहिला?”

फुगलोच होतो. कारण त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

टाकीवरून आधी माझं पोतं टाकलं. घट्ट भरलेलं, त्यामुळे आपटताच उसवलं आणि चणे मैदानभर उधळले. झाडेचं आतलं पोतं एका बाजूला फाटलं, पण बाहेरच्या ढिल्या पोत्याने सगळं पोटात घेतलं. पाकिटं शाबूत. मेजर साहेबांनी त्यातली काही पाण्याच्या बादलीत टाकून ठेवली. बऱ्याच वेळाने उघडली, तर आत कोरडी. रिवाजाप्रमाणे मी दुपारी माती मिसळलेले चणे खाल्ले. झाडे समोर बसून गूळ खात होता. त्याने एक खडा माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही.

मग सगळ्या सेक्शनने झाडेचीच पोती शिवली. मीही शिवली.

सकाळी कॅंटोन्मेंटच्या मैदानावरून हेलिकॉप्टर उडालं. झाडे दारात बसला होता, कमरेला सेफ्टी बेल्ट. त्याने हात हलवला. मी खाली वायरलेस सेटजवळ ऑपरेटरच्या बाजूला उभा होतो. दारातली ती जागा माझी असायला हवी होती, एवढंच माझ्या मनात होतं. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत सेट खरखरला.

“बेस, एक लोड पहिये में फँसा है. नीचे लटक रहा है. ओव्हर.”

मेजर साहेबांनी हँडसेट घेतला. “काटकर छोड़ो. ओव्हर.”

“नीचे लोग हैं. पानी के ऊपर ले जा रहा हूँ. ओव्हर.”

थोड्या वेळाने परत आवाज आला.

“हाथ नहीं पहुँच रहा. झाडे ने बेल्ट खोला है. ओव्हर.”

“बेल्ट लगाने को बोलो. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. ऑपरेटर सेटकडे बघत राहिला, मी ऑपरेटरकडे.

“लोड क्लियर,” पायलट म्हणाला. मग आवाज बदलला. “मैन डाउन. पानी में. बेस, मैन डाउन.”

हेलिकॉप्टर बराच वेळ पाण्यावर घिरट्या घालून रिकामं परत आलं. पायलट खाली उतरला नाही. टेकाडाच्या दुसऱ्या अंगाच्या लोकांना अजून काहीच मिळालं नव्हतं. मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोती चढवली, बेल्ट लावला आणि दारात बसलो.

टेकाडावर मी झाडेची पोती ढकलली. एकही पूर्ण फुटलं नाही. हेलिकॉप्टर खाली होतं, त्यामुळे माणसं स्पष्ट दिसत होती. एका बाईने पाकीट उघडून गूळ पोराच्या तोंडात घातला आणि पान फेकलं. शेजारच्या बैलाने ते पान उचलून चावलं. मला रडू यायला हवं होतं. मला झाडेचा राग आला. मेल्यावरही तोच बरोबर निघाला होता.

पाणी उतरल्यावर झाडे नदीच्या खालच्या वळणावर सापडला. नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर त्याला सलामी दिली. रस्ता मोकळा होताच गावातले लोक ट्रॅक्टर भरून आले होते. आई तिच्या पोटचा गेल्यासारखी रडली. झाडेची बायको तार मिळताच वर्ध्याहून आली होती. ती मला म्हणाली, “तुमचं लई नाव घेत जाय ते. बावण्यासारखा टाका कोणाचाच नाही, म्हणत.” हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं.

तारा मला मिळाला. शर्यतीत दुसरा कोणी उरलाच नव्हता. रिटायर होईपर्यंत मी रंगरूटांना ढिलं पोतं, कुटार आणि पळसाची पानं शिकवली. ते त्याला ‘झाडे पॅकिंग’ म्हणत. ‘बावणे पॅकिंग’ असं काही नव्हतं, आजही नाही.

पितृपक्षात मी वडिलांसाठी ग्वारीघाटाला जातो. वडिलांचं झालं की पंडितजींना म्हणतो, अजून एक नाव आहे. यंदा पंडितजी नवे होते.

“नाम?”

“नामदेव झाडे.”

“आपके भाई थे?”

“नहीं.”

“फिर दोस्त?”

“नहीं, महाराज,” मी म्हणालो. “मुझसे अच्छा था.”

त्यांनी मंत्र सुरू केला. मी ओंजळीतलं पाणी सोडलं. त्याचं नाव घेताना माझ्या पोटात अजूनही दुखतं, आणि तरी नाव मीच घेतो. दुसऱ्या कोणी घेतलेलं मला चालणार नाही.