निळ्या दोऱ्याचा गाऊन

लिहिण्याआधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. कुहीजवळच्या आमच्या गावात चौथी झाली, त्या पावसाळ्यात मी आईबरोबर धानाच्या रोवणीला गेले, ती शाळेत परतलेच नाही. पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतं. बावीस वर्षं इस्त्री धरून बोटंही आता नीट वळत नाहीत. इस्त्री जड असते, ठेवली तिथे राहते. पेन पळतं. ही वही कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

शहरातल्या सदर भागात, एका गल्लीतल्या लाँड्रीत मी कामाला आहे. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, लग्नाचे कपडे येतात. इस्त्रीच्या खोलीत आम्ही दोघीच. दुसरी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मी तिला मावशी म्हणते. तिचं माहेर कन्हान नदीकाठच्या खाप्याचं. पांढरा कपडा आला की ती म्हणायची, "कन्हानच्या पाण्यात धुतला असता तं शेठची मशीन शरमली असती."

लाँड्रीत एक पद्धत आहे. कपड्याला इस्त्री झाली की जिने केली तिने आतल्या शिवणीत आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. माझा दोरा लाल, मावशीचा निळा. काउंटरवर शेठ कपडा तपासतात आणि ठीक असला की दोरा कापतात. मग तो कोणी केला हे कोणालाच माहीत राहत नाही.

एकदा रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकांनी उपदेशात विचारलं की देवाने तुम्हाला कोणत्या कामासाठी पाठवलं आहे. बाकीच्यांकडे उत्तरं असतील. मी आठवडाभर विचार करत राहिले. नवरा लग्नानंतर चार वर्षांत वारला, मूल नाही, खोलीवर गेलं की बोलायला भिंत. मी चुरगळलेलं सरळ करते आणि लोक ते पुन्हा चुरगळून आणतात. शेवटी मावशीलाच विचारलं. मी कोणाला काही विचारत नाही, पण तिच्याशी बोलता यायचं.

"मले तं देवानं चुलीपाशी पाठवलं होतं," ती म्हणाली. "रस्ता चुकून लाँड्रीत आली. तू तुह्या देवाले सांग, म्हणा, पुढच्या जन्मी एसीत पाठव."

"आमच्यात पुढचा जन्म नसतो, मावशी."

"घे! मंग तं ह्याच जन्मी मागून घे."

त्या मे महिन्यात एक गाऊन आला. ख्रिस्ती नवरीचा, पांढरा, खाली जाळीचे थर. गाऊन भाड्याने देणाऱ्या दुकानाचा होता. वाफेची मशीन बंद पडली होती म्हणून हातइस्त्रीनेच करायचा होता. मावशी डबा खायला मागच्या ओसरीत गेली होती, मी एकटी होते. वरचा भाग झाला आणि मला काय झालं कोण जाणे, मी गाऊन उचलून अंगासमोर धरला. खोलीत एक जुनं कपाट आहे, त्याला आरसा आहे. माझं लग्न पाळकबाईंच्या पांढऱ्या साडीत झालं होतं, तीही दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिली होती. पन्नाशीच्या बाईने असं करू नये. पण मी केलं, आणि पाहत राहिले. इस्त्री मी टेबलावर उभी ठेवली होती. गाऊनचा घेर तिच्यावर पडला होता. वास आला तेव्हा मागच्या बाजूला तळहाताएवढं भोक पडलेलं होतं.

मी घडी घातली, भोक आत गेलं. टाका घालायला गेले तर माझी लाल रीळ संपली होती. टेबलावर मावशीची निळी होती. मी निळा टाका घातला. शेठला लगेच सांगणारच आहे, टाका कुठलाही असला तरी काय, असं मी मनाला सांगितलं. पण लाल दोऱ्याची नवी रीळ पलीकडच्या कपाटात होती. दहा पावलं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर घडी उघडली. शेठनी मावशीला हाक मारली.

"हे काय आहे?"

"माह्या हातचं नाही हे, शेठ."

"दोरा कोणाचा आहे?"

मावशीने शिवण उलटून पाहिली, बराच वेळ. "दोरा तं माहाच आहे," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, साथ मागायला पाहिलं. मी मान खाली घालून उशीच्या खोळीला इस्त्री करत राहिले. लहानपणापासून सगळे म्हणतात, पोरगी लाजरी आहे, बोलत नाही. त्या दिवशी मी त्याच्याआड लपले.

दुकानाची भरपाई शेठनी दिली आणि मावशीच्या पगारातून महिन्याला पाचशे कापायला सुरुवात केली.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. एकेक बाक उठतो आणि भाकर नि प्याला घ्यायला पुढे जातो. ज्याचं मन साफ नाही त्याने बसून राहावं, कोणी विचारत नाही, पण सगळ्यांना दिसतं. मी गुडघे बाजूला घेऊन बाकीच्यांना वाट द्यायची आणि रिकाम्या बाकावर एकटी बसायची. पाळकबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर्दी आहे म्हणाले, प्याला सगळ्यांचा एकच असतो म्हणून. चौथ्या महिन्यात मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "बाई, तुमच्या सर्दीले कॅलेंडर बरं समजते!" आजूबाजूच्या हसल्या. मीही हसले.

पैशांचं मला सोसवलं असतं, असं मला वाटतं. पण तीन महिन्यांनी शेठ मावशीला म्हणाले, "तुझे डोळे गेले आता," आणि तिला इस्त्रीवरून घडीच्या टेबलावर बसवलं. तिथे महिन्याला अडीचशे कमी मिळतात. मावशी भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. तिने ते खरं मानलं. घडी घालताना ती कपडा खिडकीशी नेऊन पाहायची, मग बोटांनी चाचपायची.

एका सोमवारी तिने एक खोळ माझ्यासमोर धरली. "पाह्य वं, हे पिवळं आहे का? माह्या डोळ्यावर भरोसा नाही राहिला. तो गाऊन मीच जाळला असंन. मले आठवतच नाही, पाह्य."

खोळ पांढरीशुभ्र होती.

"मावशी, तो गाऊन मी जाळला."

"काय म्हणून राहिली?"

मी सगळं सांगितलं. आरशाचंही. इतकी वाक्यं मी एका दमात कधी बोलले नव्हते. मावशीने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं पसरून पाहिली आणि हसली. "मंग माहे डोळे चांगले आहेत!" मग हसू गेलं.

"सात महिने, वं. त्यातले चार महिने मी रस्ता ओलांडाले लोकाचा हात धरून राहिली. काहून नाही सांगितलं?"

"भीती वाटली, मावशी."

"अन् मले नाही वाटली?"

मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "आत्ता सांगतेस?" पण मावशीला इस्त्रीवर परत घेतलं आणि उरलेली भरपाई माझ्या पगारातून कापायला लागले. मावशीचे सात महिन्यांचे साडेतीन हजार गेले होते. ते मी देईन म्हटलं, महिन्याला पाचशे. एकदम द्यायला माझ्याकडे नव्हते.

पाळकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की देवाने क्षमा केली आहे, आता पुढे या. मी गेले नाही. माझ्या देवाने मला माफ केलं, असं मी मावशीला जाऊन सांगितलं तर ती काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. नुकसान तिचं झालं होतं. देवाशी परस्पर मिटवून घेणं मला बरं वाटेना. सात महिने मी आणखी बाकावर बसले. सर्दी आहे मात्र म्हणाले नाही. पाळकांच्या प्रश्नाचं मोठं उत्तर मला अजूनही मिळालेलं नाही. इतकंच वाटतं, की पाठवलं ज्या कशासाठी असेल, त्यात आपला टाका आपल्या दोऱ्याने घालणं तरी असणारच.

मावशी माझ्याशी बोलेनाशी झाली. डबा ती ओसरीत खायची, मी इस्त्रीच्या टेबलाशी. दिवसभर दोन इस्त्र्यांचा आणि कूलरचा आवाज. पगाराच्या दिवशी मी नोटा पुढे करायची, ती घ्यायची, तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागायची. महिन्याभरात मला माणसाचा तेवढाच स्पर्श होता. खरं सांगायचं तर सहाव्या महिन्यानंतर मला वाटू लागलं की हे फिटूच नये.

परवा सातवा पगार झाला. शेवटचे पाचशे आणि वर एक हजार मी तिच्यासमोर ठेवले.

"हे जास्तीचे कशाचे?" कित्येक महिन्यांनी तिने मला काही विचारलं.

"घडीच्या टेबलाचे. चार महिने अडीचशे कमी मिळाले होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नोटा खिडकीशी नेल्या आणि उजेडात एकेक मोजल्या.

"हाव," ती म्हणाली. "पूर्ण फिटले." आणि नोटा बटव्यात ठेवून तिने इस्त्री उचलली.