पुण्याच्या अर्जावरची सही
मोहफुलांचा वास आला की ती सकाळ आठवते. चंद्रपुरात लॉचं पहिलं वर्ष संपलं होतं आणि पुण्याच्या कॉलेजात ट्रान्सफर मिळत होती. अर्जावर बाबांची सही घ्यायला मी गावी गेले, तर काका त्यांना मोहाखाली काठीनं बदडत होते; झाड कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एवढाच वाद. मी मध्ये पडले, तशी काठी माझ्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं. डोक्यातून रक्त गळत असताना बाबा म्हणाले, "तू पुण्याले जाय." "आन् कोर्टात तुमच्यासंगं कोण येईन?" मी ओरडले. मी चंद्रपुरातच शिकले, प्रत्येक तारखेला त्यांच्याबरोबर गेले. काकांना शिक्षा झाली, तेव्हा बाबा भावासाठी ढसाढसा रडले. पुणं हुकल्याचं मला आज काही वाटत नाही. त्या रडण्याचा राग मात्र अजून येतो.