भालेराव बाई आणि मुकी मशीन

भालेराव बाईंवर मी काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकतो. वार्षिक अंकासाठी ओळखीच्या एखाद्या माणसावर लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी कुणी आजोबांवर, कुणी मामांवर लिहायला घेतलं. त्यांच्या घरी लिहिण्याची सवय आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजवर अर्ज लिहिले, परीक्षेतले निबंध लिहिले. असं काही लिहिलं नाही. कुठं कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण बाईंवर कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो.

बाई आमच्याकडे पाठ करून शिकवायच्या. कर्जतच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. दोन मशीनी, एक बाक, एक खिडकी. आम्ही दोघे-दोघे मशीनवर बसायचो आणि बाई खिडकीशी उभ्या राहून मागच्या अंगणातल्या शेवग्याकडे तोंड करून ऐकत राहायच्या. मध्येच न वळता म्हणायच्या, "विलास, तिसऱ्या ओळीत अडखळलास. बघ तिथं." बघावं तर तिसऱ्या ओळीत खरंच एक अक्षर चुकलेलं असायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, खिडकीच्या काचेत त्यांना आमचे कागद दिसत असावेत. पण त्या खिडकीला काचच नव्हती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झाली होती. पळसदरीच्या पलीकडून रुळाच्या कडेकडेनं चालत आलो होतो. बाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही. "हात बघू," म्हणाल्या आणि माझी बोटं आपल्या हातात घेऊन दाबून पाहिली.

"शेतावर जातोस?"

"जातो. दुसऱ्यांच्या. आईबरोबर."

"लावणी करताना प्रत्येक बोटाकडं बघतोस काय रं?"

"नाही."

"मग हितं पण बघायचं नाय. बोटांना वाट ठावी असते. डोळे मधी आले की घोटाळा."

बाईंचं बोलणं असं. लग्नाआधी मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट होत्या, इंग्रजी उतारा वाचून दाखवायच्या तो एखाद्या साहेबासारखा. पण आमच्याशी बोलताना सरळ आमच्या आयांसारख्या बोलायच्या. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. मूलबाळ नव्हतं. पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं आणि जाड भिंगांचा चष्मा. चष्मा सतत पुसायच्या. "अक्षर चुकलं तर खोडता येतं, चाल चुकली की खोडता येत नाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चाल म्हणजे बोटांचा ठेका.

एकदा माझा हात सुरुवातीलाच एक घर, म्हणजे एक कळ, उजवीकडे ठेवला गेला. टायपिंग शिकलेल्यांना हे माहीत असेल. बोटं बरोबर चालतात, ठेका बिघडत नाही, पण कागदावर जे उमटतं ते कुठल्याही भाषेतलं नसतं. मी दोन शब्द मारले असतील, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "हात एक घर सरकलाय तुझा." मी थक्क झालो. विचारलं तर म्हणाल्या, "कडेच्या अक्षरांचा आवाज बारीक असतो रं, मधल्यांचा भरदार. आपल्या घरातली भांडी तू आवाजानं ओळखत नाहीस?"

खोलीच्या मागे फळ्यांची आडभिंत होती आणि पलीकडे मालकांचं घर. मालक म्हणजे दुकानदार वसंतशेठचे वडील, आबा. त्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची खाट नेमकी त्या फळ्यांना लागून पडली. आमच्या मशीनी जुन्या, त्यांचा कागदाखालचा रबराचा रूळ वाळून दगडासारखा झालेला. एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं वाजायचं. बाईंनी मशीनींखाली घोंगडीच्या घड्या घातल्या, रुळावर दोन-दोन जादा कागद लावले. आवाज थोडा बसला, पण आबांची झोप काही लागेना.

वसंतशेठ माणूस वाईट नव्हता. एका दुपारी दारात उभा राहून खाली मान घालूनच बोलला, "बाई, तुम्हाला जा म्हणायला जीभ उचलत नाही. पण आबा रडतात हो. दिवाळीपर्यंत काहीतरी करा. बिनआवाजाची मशीन आणा, नाहीतर दुसरी खोली बघा."

तो गेल्यावर आमच्यातला बबन म्हणाला, "बाई, दुसरी खोली बघू की. कर्जतला खोल्यांना काय तोटा?"

बाई हसल्या. "बबन, तुझं आडनाव सांगून विचार एखादी. मग सांग."

बबननं मशीनवर नवा कागद चढवला. ही एक खोली मिळवायला बाईंना किती दारं हिंडावी लागली असतील, ते आमच्यापैकी बऱ्याच जणांना घरातूनच ठाऊक होतं.

त्याच सुमाराला कळलं की रसायनीच्या एका कारखान्यानं कचेरीतल्या जुन्या मशीनी विकायला काढल्या आहेत. बाई मला सोबत घेऊन निघाल्या. एसटीनं चौक गावापर्यंत, तिथून दुसरी गाडी. कारखान्याच्या गोदामात एका लांब टेबलावर सात मशीनी मांडल्या होत्या. बाईंनी मला प्रत्येकीवर एकच ओळ मारायला लावली आणि स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या.

गोदामाचा कारकून म्हणाला, "मावशी, मशीन घ्यायला आलात की गाणं ऐकायला?"

"बांगड्या पण वाजवूनच घेतो आमी, भाऊ," बाई म्हणाल्या. "विलास, परत मार. चौथीवर."

सातही झाल्यावर बाई म्हणाल्या, "चौथी आणि पाचवी. आवाज हाय, पण मऊ हाय. रूळ नवा दिसतोय."

मला ते पटेना. कारण सहावी आणि सातवी अगदीच वेगळ्या होत्या. विलायती, मोठ्या साहेबाच्या केबिनमधल्या. त्यांच्यात अक्षर कागदावर आपटत नव्हतं, नुसतं टेकत होतं. कारकून कौतुकानं सांगत होता, "साहेब फोनवर बोलत असले तरी शेजारी टायपिंग चालू राहायचं." मी त्यांच्यावर ओळ मारली तेव्हा मला माझाच श्वास ऐकू आला.

"बाई, या घेऊ. यांचा आवाजच नाही."

"तेच तर. मुक्या हायत. मुक्या मशीनवर मी काय शिकवू?"

मला हे नुसतं हौसेचं बोलणं वाटलं. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट मिळालं तर कॉलेजात शिकताना कुठंतरी अर्धवेळ काम मिळेल, एवढाच माझा हिशेब होता. ते न मिळालं तर कॉलेज नव्हतंच. मी जरा चढ्या आवाजात बोललो, हे आज लिहितानाही मला टोचतं.

"बाई, चौथीचा आवाज आबांना सोसला नाही तर? वसंतशेठनं दिवाळीला काढलं तर आम्ही कुठं जायचं? तुम्हाला गोड आवाज हवाय, आम्हाला वर्ग हवाय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सहाव्या मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं. घे तुझ्या मुक्या."

जुन्या दोन्ही मशीनी खालापूरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्यानं नेल्या. नव्या आल्या आणि खोली शांत झाली. चौथ्या दिवशी वसंतशेठनं स्वतः चहा आणून दिला. म्हणाला, "आबा दुपारी घोरले, बाई!" मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

बाई मात्र खिडकी सोडून आमच्या मागे येऊन उभ्या राहू लागल्या. कागद संपला की तो घेऊन दाराच्या उजेडात जायच्या, तिरका धरायच्या, मान वाकडी करून बघायच्या, खाली सही करायच्या आणि "छान" म्हणून परत द्यायच्या. वर्गातल्या शैलाला छान, बबनला छान, मलाही छान. एवढ्या चुका काढणाऱ्या बाई आता काहीच काढत नाहीत, याचा अर्थ मी असा घेतला की मी तयार झालो.

एका संध्याकाळी घरी जाताना पळसदरीच्या धरणापाशी बसून मी तो दिवसभराचा कागद उघडला. आठ ओळी शुद्ध होत्या. नववी ओळ सबंध चुकलेली होती. हात एक घर सरकला होता. एकही शब्द शब्द नव्हता. लहान मूलही बोट ठेवून विचारेल, हे काय म्हणून. आणि त्या कागदाखाली बाईंची सही होती, छान म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांच्या आधी गेलो आणि कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"काय लिवलंय रं त्यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बाई बाकावर बसल्या.

"दोन वर्सं झाली. जिथं बघावं तिथं मधोमध धूर दिसतो. कडेचं दिसतं थोडं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं हाय, चष्म्यानं जाणार नाय. आपरेशन पण नाय."

"मग तुम्ही रसायनीला बोलला का नाहीत?"

"तिथं त्या माणसासमोर काय बोलू? आणि तुला तरी काय बोलू? आंधळ्या बाईकडं टायपिंग शिकायला कोण पोर धाडील? ऐकून चालवत होते. चाललं असतं अजून."

मला रडू येत होतं. मशीनी परत करता येणार नव्हत्या, जुन्या विकल्या गेल्या होत्या. बाई, माझं चुकलं, हे तीन शब्द तोंडातून निघेनात. बाईच म्हणाल्या, "तू बोललास ते खोटं नव्हतं. चौथीनं आबा झोपले नसते. आता एक कर. कुणाला बोलू नको."

मी कबूल केलं.

त्याच दुपारी बाईंनी सगळ्यांना जाहीर केलं, "आजपासून चोर-पोलीस." ज्यानं टाइप केलं तो चोर. त्याचा कागद दुसऱ्यानं घ्यायचा आणि हळू आवाजात, आबांना त्रास न देता, अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट वाचायचा. हा पोलीस. चूक सापडली की पोलिसाला गुण, सुटली की चोराला. चोरानं मुद्दाम चूक लपवली तरी चालेल. बाईंना सगळे उतारे पाठ होते. त्या डोळे मिटून मध्ये बसायच्या आणि पोलिसाच्या हातून काही निसटलं की मांडीवर चापट मारायच्या.

आम्हाला त्याचं वेडच लागलं. शैला सगळ्यात कडक पोलीस. बबनचा कागद वाचताना म्हणायची, "इथला स्वल्पविराम गिळलास की रं! जेवून नाय आलास काय?" बबन म्हणायचा, "वसंतशेठच्या दुकानातनं आणून दे एक शेर, सगळीकडं पेरतो." हसू तोंडावर हात ठेवून दाबावं लागायचं. वसंतशेठ एकदा डोकावून म्हणाला, "बाई, टायपिंग शिकवता की जप चाललाय?" बाई म्हणाल्या, "तुमच्या आबांसाठीच चाललाय." दुसऱ्याच्या चुका शोधता शोधता आमच्या स्वतःच्या कमी झाल्या. त्या वर्षी वर्गातलं कुणीही नापास झालं नाही.

मला औरंगाबादला प्रवेश मिळाला, वसतिगृहही मिळालं. एका वकिलाकडे संध्याकाळचं टायपिंगचं काम लागलं. निघताना बाईंकडे गेलो. वाकायला गेलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. "पाया पडायचं नाय. चाल सांभाळ, बाकी सगळं येतं." तेव्हाही मी माफीचं बोललो नाही. तिथं बबन होता, शैला होती, दोन नवी मुलं होती.

औरंगाबादला आल्यावर पत्रात लिहावं म्हणून कितीदा तरी कागद घेतला. पण बाईंना आलेलं पत्र दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार. माफी मागायची तर कशाबद्दल ते लिहावं लागणार, आणि ते लिहिलं तर त्यांचं गुपित वाचणाऱ्याला कळणार. म्हणून दोन वर्षं मी त्यांना फक्त खुशालीची पत्रं पाठवली. सुट्टीत गेलो की भेटायचो. प्रत्येक वेळी खोलीत कुणीतरी असायचंच. पुढच्या सुट्टीत त्यांना जरा बाहेर चला म्हणायचं, असं यंदा ठरवलं होतं.

शैलाचं पत्र वसतिगृहातल्या माझ्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेलं होतं. ते तिथं महिनाभर पडून राहिलं आणि गेल्या आठवड्यात मला मिळालं. अगदी शुद्ध टाइप केलेलं आहे. बाई तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेल्या. वर्ग दोनच दिवस बंद ठेवला, तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. आता शैला शिकवते आणि वसंतशेठनं खोली तिच्याकडेच राहू दिली आहे. पुढं तिनं लिहिलंय, "बाईंना दिसत नव्हतं हे तुला माहीत होतं ना? मलाही होतं. बबनलाही होतं. प्रत्येकाला त्यांनी वेगळं बसवून, कुणाला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. स्मशानातून परत येताना आम्ही एकमेकांना सांगितलं."

म्हणजे माझं पत्र कुणीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

पत्रात बाईंच्या अंत्यसंस्काराची तारीख आहे. त्या दिवशी सकाळी माझा इंग्रजीचा पेपर होता. तो मला सोपा गेला, आणि दुपारी आम्ही मित्रांनी मिळून चहा घेतला होता.