न मारलेले चार चेंडू

आमच्या आयोवातल्या गावच्या बेसबॉल संघातलं कोणतं पोर मोठ्या लीगसाठी तयार झालंय, ते ऑरव्हिल ट्रास्क ठरवायचा. उंच फटक्यांना तो भुलत नसे. त्या शनिवारी संघातल्या वेंडेलचा निकाल लागायचा होता. त्याची आई लोरेटा चारशे मैल गाडी चालवत आली आणि नेमकी ऑरव्हिलच्या शेजारी बसली.

वेंडेलने बाहेरून जाणारे चार चेंडू ओळीने सोडले आणि नियमाप्रमाणे फुकटात मिळालेल्या पहिल्या बेसवर चालत गेला.

“अरे मेल्या, बॅट काय पाठ खाजवायला दिलीय?” लोरेटा ओरडली. मग ऑरव्हिलला म्हणाली, “लहानपणी दिसेल ते तोंडात घालायचा हो, आणि आज चार-चार सोडतो!”

“बाई, गेल्या वर्षापर्यंत बॅटनंही तेच करायचा. दिसला चेंडू की फिरव. म्हणून तर इथं अडकला होता.”

ऑरव्हिलने वहीत ‘तयार’ असं लिहून तिला दाखवलं. लोरेटाने डोळे पुसले, उभी राहिली आणि पुढच्या फलंदाजाला जीव तोडून सांगू लागली, “सोड रे बाळा, सोड!”

बिचाऱ्याने सरळ आलेले, मारायलाच हवेत असे तीन चेंडू सोडले आणि नियमाप्रमाणे बाद झाला.