कानबाईचं गाणं आणि डीव्हीडीचा पट्टा

माझ्या कपाटात जुने वॉकमन आहेत. किती आहेत, ते मी घरात सांगत नाही. बायको म्हणते, लोक कबुतरं पाळतात, तुम्ही मढी पाळता. बोलणं कडू आहे, पण खोटं म्हणता येत नाही, कारण त्यातला एकही वाजत नव्हता. मी ते उघडायचो, पुसायचो, आतली नाजूक चाकं बघून खूश व्हायचो आणि पुन्हा झाकण लावायचो. दुरुस्त करायचा तर पट्टा हवा, आणि पट्टा कुठं मिळत नाही. मोटर धडधाकट असते, चाकं धडधाकट असतात, पण मोटरवरून चाकावर जाणारा तो दोऱ्याएवढा रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबर झालेला असतो. हे डांबर बोटाला लागलं की घरभर फिरतं. एकदा ते पोळीवर सापडलं आणि त्या दिवशी मला जेवण बाहेर घ्यावं लागलं.

छंद माझ्यापुरता होता तोवर ठीक होतं. पण मग त्यात कानबाई आली.

आमच्या तापीकाठच्या घरांत श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी मांडायची, बायकांनी तिची गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवायची. सगळ्या भाऊबंदांत कानबाई एकच, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहूही सगळ्यांचे एकाच घरी दळायचे. आमची एका साली बुऱ्हाणपुरात आमच्या घरी बसते, एका साली बहादरपुरात काकांच्या घरी. गाणी चालवणाऱ्या दोघी, माझी आई आणि माझी काकू. सख्ख्या जावा. दोघींची सत्तरी उलटली, पण गळा अजून असा की आमच्याकडे भोंगा लावावा लागत नाही.

मागच्या साली घाटावर बोळवणीचं गाणं सुरू झालं आणि आई माहेरच्या कडव्यावर गेली, काकू सासरच्या. आईचं म्हणणं, लेक घरातून निघाली की तिला आधी माहेर आठवतं. काकूचं म्हणणं, निघाली ती सासरीच ना, मग आधी सासर. मी देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होतो. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि माझी मान मोडत होती. शेवटी काकूनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पुढच्या साली माझी कानबाई वेगळी बसीन."

ढोलवाल्यानंसुद्धा हात थांबवला. काकांची चूल वेगळी झाली, केळीचं शेत वाटलं गेलं, तेव्हा कुणाला एवढं लागलं नव्हतं. कानबाई वेगळी म्हणजे मग आम्ही एकमेकांचे फक्त ओळखीचे. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एका कडव्यापायी घर फोडायचं म्हणजे काय?

औंदा श्रावण जवळ आला तशी आईनं ट्रंकेतून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "तुह्या बाबानं भरली व्हती घाटावर. मी म्हनू राह्यली त्याच्यात. ऐकव तिले एकदा, म्हंजे तोंड बंद होईन तिचं."

मुलगी म्हणाली, "बाबा, किसी को दे दो ना, मोबाईलवर उतरवून देतील." तिचं बरोबर होतं. पण कपाटभर वॉकमन असलेला माणूस कॅसेट ऐकायला दुसऱ्याच्या दारात गेला, तर उद्या त्याची बायको त्याला जगू देईल का? मी सगळ्यात बरा दिसणारा वॉकमन पिशवीत घातला आणि इतवाऱ्याच्या बाजारात गेलो.

मोबाईलवाल्यानं तो पाहिला, शेजारच्या दोन दुकानदारांना हाक मारून दाखवला, तिघांनी त्याच्यासोबत फोटो काढला आणि मला परत दिला. जिथं पूर्वी रेडिओ दुरुस्त व्हायचे तिथं आता ठिबकच्या नळ्या मिळतात. मग मी तेच केलं जे बुऱ्हाणपुरातला माणूस शेवटी करतो. पॉवरलूमच्या सामानाच्या दुकानात गेलो. आमच्या गावात कूलर बिघडो, शिलाई मशीन बिघडो की म्हाताऱ्याच्या काठीचं बूड निघो, इलाज लूमच्या सामानातच सापडतो अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. दुकानदारानं एक रबरी रिंग ताणून दाखवली. मी म्हटलं, जाड आहे. तो म्हणाला, "भाईसाब, जिससे लूम चलती है, उससे ये खिलौना नहीं चलेगा?"

या वाक्यापुढं आमच्या गावचा कुणीच टिकत नाही. मी रिंग घेतली, घरी येऊन बसवली, चाक फिरलं, आणि त्याच आनंदात काकूला फोन केला. आधी ऐकून बघावं एवढी अक्कल आनंदात राहत नाही.

काकू रिक्षानं आली ती केळीची फणी घेऊन. भांडायला येतानाही रिकाम्या हातानं यायचं नाही, असं आमच्याकडचं वळण आहे. दोघी दिवाणावर दोन टोकांना बसल्या, मधे वॉकमनला जोडलेला मुलीचा छोटा स्पीकर. मी बटण दाबलं. त्या जाड रिंगेनं मोटर दमली होती आणि टेप रांगत होती. आतून कुणीतरी पुरुष पोटात कळ आल्यासारखा कण्हू लागला.

"हे कोन व्हय?" काकूनं विचारलं.

"मीच," आई म्हणाली. इतकं ठासून म्हणाली की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"मोठ्या बाई, तुमाले मिश्या कधी व्हत्या?"

त्यानंतर जे झालं त्यात कानबाईचा संबंध राहिला नाही. लग्नातल्या पातळापर्यंत गोष्ट गेली. मी टेप तुटायच्या आत वॉकमन बंद केला आणि काकूच्या मागं फाटकापर्यंत गेलो. ती रिक्षात बसता बसता म्हणाली, "कानबाईच्या आधी वाजला तं बोलव. नाही तं मी माही देवी मांडते."

आता मला धास्ती बसली. सायकलच्या ट्यूबचा काप लावला, तो तुटला. फुग्याचा लावला, तो घसरला. बायको माझी दशा बघत होती. एका दुपारी तिनं लोणच्याची बरणी उचलली आणि बरणीखालचा आमचा मेलेला डीव्हीडी प्लेअर माझ्यापुढं आदळला. "ह्याच्यात काही असेल तर बघा. नाही तर दोन्ही भंगारात." त्या प्लेअरात तबकडीचा कप्पा आतबाहेर करणारा एक छोटा पट्टा होता, अगदी कोरा वाटावा असा. वॉकमनच्या चाकावर तो बसला. मग मोटरच्या पाठीमागचा बारीक स्क्रू फिरवत आरतीच्या एका कॅसेटवर वेग जुळवला. गाणारा बुवा आधी म्हातारा, मग पोरगा असं करत करत माणसात आला. आईच्या कॅसेटला मात्र मी हात लावला नाही. ती जुनी टेप किती वेळा चालेल याचा भरवसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर आई खोटी ठरली तर काय, याची भीती होती.

काकू आली. पुन्हा फणी, पुन्हा दिवाणाची दोन टोकं. मी बटण दाबलं.

नदीचा आवाज, ढोल, बायकांचा घोळका. मग आईचा आवाज, कोवळा पण तिचाच, माहेरच्या कडव्यावर. आई विजयी नजरेनं काकूकडं वळली, तेवढ्यात काकूचा आवाज आला, तितकाच जोरात, सासरच्या कडव्यावर. दोघी एकमेकींच्या वरताण ओरडू लागल्या. म्हणजे हे भांडण मागच्या सालचं नव्हतंच. त्या नव्या सुना असल्यापासूनचं होतं.

आणि एकदम तिसरा आवाज आला. "चूप बसा वं दोघी!"

आजी. त्या दोघींची सासू. तिला जाऊन इतकी वर्षं झाली की मी तिचा आवाज विसरून गेलो होतो. दिवाणावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांचे हात एकाच वेळी वर गेले आणि दोघींनी डोक्यावरून पदर घेतला.

"देवी पान्यात उभी आहे अन् तुमचं सासर-माहेर चालू आहे," आजी म्हणत होती. "मी आहे तवर एक कानबाई आहे. मी गेली का तुमी दोन मांडसान, मले माहीत आहे."

मग खटका. बाबांनी तिथंच बंद केलं असावं. टेप नुसतीच खरखरत फिरत राहिली. आजीनं आधी कुठलं कडवं म्हटलं, ते कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, म्हणून मी वॉकमनमध्ये काहीतरी बघत बसलो.

काकूच आधी बोलली. मशीनकडं बघत, हळू आवाजात, सासूसमोर बोलावं तसं.

"मोठ्या बाई, रोटाचे गहू मी घेऊन येते. दळाचे मात्र तुमच्या घरी, एकाच जात्यावर."

आईनं मान हलवली. पदर दोघींनीही खाली घेतला नव्हता.